एकदाच विचारलं

इर्बिद शहरातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम मागायला आलेलं पोर दारापासून रायदाच्या टेबलापर्यंत पोचेतो तिने त्याची जागा ठरवून टाकलेली असायची. वाटेत चौघांना सलाम ठोकत, खिदळत आलं तर काउंटर. भिंतीच्या कडेकडेने आलं तर कपाटं. हात शांत असले तर तळघरात फाटक्या पुस्तकांची डागडुजी. आवाज गोड असला तर अंध विद्यार्थ्यांना वाचून दाखवायचं. आणि छाती रुंद पण अक्कल बेताची असली तर दारात उभं राहून पिशव्या तपासायच्या. "पुस्तकं तुम्ही वाचा, मी माणसं वाचते," असं ती सगळ्यांना ऐकवायची. तिचा अंदाज पुष्कळदा बरोबरही निघायचा, आणि तिथेच सगळं बिघडलं. सहसा न चुकणाऱ्या माणसाला आपलं चुकतंय हे सांगणार कोण?

पोरं तिला सित्त रायदा म्हणत, म्हणजे रायदाबाई. लग्न केलेलं नव्हतं. हुस्न गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हाताऱ्या आईबरोबर राहायची, आणि ग्रंथालयातली ही दहा-पंधरा पोरं हाच तिचा गोतावळा. परीक्षा संपल्या की ती घरून मकमूरा करून आणायची. कणकेच्या थरांत कोंबडी आणि कांदा, वर ऑलिव्हच्या तेलाची धार. मग तळघरातल्या टेबलावरची खळ-कात्री बाजूला सारून सगळे तुटून पडत. कुतैबा नावाचा एक वात्रट पोरगा दरवेळी म्हणायचा, "सित्त, माझ्या लग्नातही कोणी कुठे बसायचं ते तुम्हीच ठरवा. नाहीतर माझे मामा आणि काका एकमेकांची डोकी फोडतील."

मैसून आली ती भिंतीच्या कडेने. रम्था गावाहून रोज बसने यायची, शिक्षणशास्त्र शिकायची. बोलताना अडखळायची. एखादा शब्द ओठांवर आला की तिथेच अडून बसायचा आणि मैसूनचे कान लाल व्हायचे. तरीही पहिल्याच दिवशी तिने धीर करून सांगितलं होतं, "सित्त, मला शि-शिक्षिका व्हायचंय. माणसांत बोलायची सवय हवी. का-काउंटर मिळालं तर बरं होईल."

"बघू हं, पोरी," रायदा म्हणाली, आणि तिला कपाटांकडे पाठवलं. परत आलेली पुस्तकं गाडीवर घालून न्यायची, जागच्या जागी लावायची. तिथे कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी खोळंबत नाही, कोणी हसत नाही. आपण पोरीवर केवढी माया केली, असं रायदाला मनापासून वाटलं. दोन वर्षं वाटत राहिलं.

मग काउंटरवरची मुलगी लग्न करून कुवेतला गेली आणि खुर्ची रिकामी झाली. जुनेपणाने पाहिलं तर ती मैसूनचीच. पण ग्रंथालयाचे संचालक जाता जाता बोलून गेले होते, "काउंटर म्हणजे आपला चेहरा, सित्त. तिथे जीभ चालणारं माणूस हवं." रायदा पेचात पडली. विचारावं तर संचालकांचं तोंड वाकडं, न विचारावं तर स्वतःचं मन खाणार. शेवटी तिने मैसूनला खोलीत बोलावलं.

सेजची पानं घालून चहा केला होता, तिळाचे कअक, म्हणजे छोटे गोल पाव, होते. मैसून नको म्हणाली. "घे गं." नको, सित्त. "माझी शपथ आहे, घे." तेव्हा कुठे तिने एक उचलला. दुसऱ्यासाठीही तेवढीच घासाघीस झाली. ते झाल्यावर रायदा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काउंटरची जागा रिकामी आहे. बसतेस का तू?"

मैसूनचे कान लाल झाले. "न-नको, सित्त. माझ्यापेक्षा हुशार आहेत, त्यांना द्या."

आता इथे पहिला नकार म्हणजे नकार नसतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. टॅक्सीतून उतरताना ड्रायव्हर म्हणतोच, "राहू द्या हो, तुमच्याकडून काय घ्यायचं!" म्हणून कोणी पैसे न देता चालू पडत नाही. पहिल्या शब्दाला हो म्हणणारा अधाशी ठरतो. विचारणाऱ्याने पुन्हा विचारायचं असतं, शपथ घालायची असते, मग समोरच्याने लाजत लाजत मान तुकवायची असते. एका कअकसाठी रायदाने हे सगळं पाच मिनिटांपूर्वीच केलं होतं.

काउंटरसाठी मात्र केलं नाही. तिने पडत्या फळाची आज्ञा घेतली. "बरं, तुझी मर्जी," ती म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मैसून रिकामा पेला हातात धरून तशीच उभी राहिली. निघायला हवं होतं, पण निघेना.

"आणखी काही?" रायदाने विचारलं.

"नाही, सित्त."

खुर्चीवर कुतैबा बसला. मैसूनने परीक्षा होईपर्यंत पुस्तकं लावली, मकमूराच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून आली नाही, आणि सुट्टीनंतर कामाच्या यादीत तिचं नावच दिसेना. सरावासाठी शाळेत जाऊन वर्ग घ्यायची वेळ आली तेव्हा तिने शिक्षण सोडलं, असं कोणीतरी सांगितलं. रायदा हळहळली. "झेपलं नसतंच तिला," असंही वर म्हणाली.

थंडी पडू लागली तेव्हा कुतैबाने एका वृद्ध प्राध्यापकांना काहीतरी चावट उत्तर दिलं. रायदाने त्याला खोलीत बोलावून फैलावर घेतलं. "जिभेला हाड आहे की नाही तुझ्या? या खुर्चीची काही किंमत आहे का तुला?"

एरवी हसण्यावारी नेणारा कुतैबा या वेळी हसला नाही. "खुर्ची माझी नव्हतीच, सित्त. मैसूनची होती."

"तिने नको म्हटलं."

"एकदा म्हटलं." त्याने मान खाली घातली. "कपाटांच्या मागे आम्ही रोज काउंटरची तालीम करायचो. मी भडकलेला प्राध्यापक व्हायचो, ती मला दंड सांगायची. हसून हसून मरायचो. पुढे पुढे तर ती मलाच झापायला लागली होती. मी तिला म्हटलं, सित्तने विचारलं की पटकन हो म्हणून टाक. तर म्हणाली, छे, हावरटासारखं दिसेल. सित्त दुसऱ्यांदा विचारतीलच."

"मग गाढवा, मला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत असतं ना, सित्त?" आणि मग हळूच म्हणाला, "शिवाय खुर्ची मलाही हवी होती."

त्याला काय बोलणार? पोरगा निदान खरं तरी बोलला. रायदाला माहीत नव्हतं थोडंच! तो नकार खोटा आहे हे तिला ऐकताक्षणी कळलं होतं, आणि तो खरा मानणं तिच्या सोयीचं होतं. तिने तोंडदेखलं विचारलं होतं. माणसं वाचणारी बाई त्या दिवशी खिडकीबाहेर बघत बसली होती, कारण पोरीच्या तोंडाकडे पाहिलं असतं तर पुन्हा विचारावं लागलं असतं.

शुक्रवारी ती मिठाईचा डबा घेऊन रम्थाला गेली. मैसूनच्या वडिलांनी, अबू ग़ालिबनी, तिला बैठकीत मानाच्या जागी बसवलं आणि स्वतः उठून कडू कॉफी ओतली. रायदाने कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. मुलीला मागणी घालायला आलेली वडीलधारी माणसं ठेवतात तसा. मागणी मान्य झाल्याशिवाय तो उचलायचा नसतो.

मैसून दाराशी उभी होती. तिची आई हसू लागली. "अगं बाई! सित्त, आमच्या मुलीला स्थळ आणलंत की काय?"

"काउंटर आणलंय," रायदा म्हणाली. "विद्यापीठात हिचं नाव पुन्हा घालू या. संचालकांशी मी बोलले, भांडले म्हणा हवं तर. खुर्ची हिचीच आहे. हिला घेतल्याशिवाय मी जायची नाही."

"प्या, सित्त, प्या!" अबू ग़ालिब छातीवर हात ठेवून म्हणाले. "पोरगी तुमचीच आहे."

"बाबा, थांबा," दारातून मैसून म्हणाली. ती आत येऊन रायदासमोर बसली. पूर्वीपेक्षा जास्त अडखळत होती, पण बोलायची थांबली नाही. "तेव्हा मी न-नको म्हटलं, ते नको नव्हतं. तुम्हाला क-कळलं होतं ना?"

खोलीत सगळे रायदाकडे बघत होते. "कळलं होतं," ती म्हणाली.

"दोन वर्षं ओळखणाऱ्या माणसाला मी काउंटरवर चा-चालत नाही, मग चाळीस पोरांपुढे कशी चालणार? असं वाटलं. शाळेच्या फा-फाटकातून परत आले." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आता मावशीच्या दुकानात म-मागच्या खोलीत शिवते. बरं आहे. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही."

"पोरी, मी तुझ्या पाया पडते. ये."

"नको, सित्त."

"माझी शपथ आहे तुला."

"आता म्हणते ते खरंच नको आहे."

अबू ग़ालिब शरमेने लाल झाले. घरी आलेल्या पाहुणीची मागणी पोरीने तोंडावर परतवली होती. ते तिच्यावर ओरडायला तोंड उघडणार, तोच रायदाने हात वर केला. "तिला काही बोलू नका, भाऊ. तिचं बरोबर आहे."

कप तसाच भरलेला ठेवून उठणं म्हणजे त्या घराला चारचौघांत कमीपणा आणणं. आणि उचलून पिणं म्हणजे आपलं मागणं संपलं असं स्वतःच्या तोंडाने कबूल करणं. रायदाने कप उचलला. कॉफी पार निवली होती. मैसून समोरून बघत होती, आणि रायदाने तिच्याकडेच बघत ती शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली.