पहिलं ताट वन्संचं

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा आमच्या खानावळीत जेवणाची गर्दी होती. माझे यजमान भात वाढत होते. "ताई गेली गो," एवढंच मला म्हणाले, उरलेल्या पानांवर भात वाढला आणि मग खुर्चीवर बसले. आता महिना होत आला...

वासंतीताई ही ह्यांची थोरली बहीण, म्हणजे माझ्या वन्सं. रत्नागिरीच्या नगरपालिकेत सॅनिटरी इन्स्पेक्टर होत्या. हॉटेलं, बेकऱ्या, चाळींतले संडास, गटारं, सगळीकडे त्यांचा संचार. लग्न केलं नाही. "कोणाच्या स्वयंपाकघरात मला गप्प बसवत नाही, सासूचं काय झालं असतं?" म्हणून स्वतःच हसायच्या. जुन्या गोष्टी सांगायची भारी हौस. राणी व्हिक्टोरियाच्या काळी विलायतेत असेच तपासनीस गरिबांच्या तळघरांत शिरायचे, एका खोलीत किती माणसं झोपतात ते बघायचे, नासकं मांस उचलून न्यायचे. आणि लोक म्हणे त्यांच्या अंगावर घाण पाणी ओतायचे. "त्यापेक्षा रत्नागिरीकर बरे. नुसत्या शिव्या देतात, त्याही पाठीमागून!"

एका वर्षी आमच्या गल्लीत कावीळ पसरली. वन्संनी घरोघरचं पाणी तपासायला पाठवलं आणि एका सकाळी आमच्याच दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्या विहिरीचं पाणी खराब निघालं होतं.

"दिगू, चूल विझव. आजपासून बंद."

ह्यांना आधी थट्टाच वाटली. मग नोटीस हातात पडली. "सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देतेस?"

"तुझ्या पोटाचं नंतर बघू. गिऱ्हाइकांच्या पोटात काय जातंय ते आधी."

ह्यांनी बोलणं टाकलं. वन्संनी मात्र येणं टाकलं नाही. रोज ऑफिस सुटलं की यायच्या आणि सरळ परसात विहिरीकडे जायच्या. ह्यांनी पाठ फिरवली की माझ्याकडे बघून डोळे मिचकावायच्या. शेवटी त्यांनीच शोधून काढलं... शेजारच्या इमारतीचा मैल्याचा पाइप जमिनीखाली फुटला होता आणि जांभ्याच्या भेगांतून सगळं आमच्या विहिरीत झिरपत होतं. इमारतीचा मालक दाद देईना, तर वन्सं त्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. "पाइप बदलेपर्यंत मी इथेच. चहा चालेल, पण चांगला उकळा." दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. मग विहीर उपसली, गाळ काढला, औषध टाकलं. पुन्हा तपासलेलं पाणी चांगलं निघालं.

खानावळ उघडली, पण गिऱ्हाईक फिरकेना. गल्लीभर नाव झालं होतं ना! मी भात, बांगड्याचं तिखलं, सोलकढी करून बसले. जेवणाची वेळ टळत आली तरी बाकं रिकामीच. ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेवढ्यात वन्सं आल्या. रस्त्यावरून दिसेल असं दारातलं बाक धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सुमन, पाणी आण. विहिरीचं!" मी दिलेला तांब्या तोंडाला लावून घटाघटा प्यायल्या. समोरचा पानवाला टक लावून बघत होता.

"काय बघतोस? बंद मी केली, उघडली पण मीच. ये जेवायला!"

तो हसत आत आला. त्याच्या मागून आणखी दोघं आले. ह्यांनी बहिणीच्या ताटात दुसरा बांगडा वाढला.

"मीठ कमी आहे," वन्सं म्हणाल्या.

"ते तुझ्या खात्यात येत नाही."

...आणि भाऊबहीण जी हसत सुटली! अबोला तिथेच संपला.

निवृत्तीनंतरही त्यांना चैन पडायचं नाही. वेळणेश्वरला दर्शनाला नेलं, तर आधी चहाच्या टपरीवर जाऊन कप विसळायची बादली बघून आल्या. "देव कुठे पळून जातोय?" म्हणाल्या. देवळात गेल्या त्या टपरीवाल्याने पाणी बदलल्यावरच.

तेराव्याचं जेवण आम्ही बाहेरच्या आचाऱ्याला सांगितलं होतं, कारण त्या दिवशी ह्यांना चुलीपुढे उभं राहवलं नसतं. पानं मांडायची वेळ झाली तरी हे दिसेनात, म्हणून मी मागच्या पडवीत गेले. बघते तर ह्यांनी आचाऱ्याला आणि त्याच्या वाढप्यांना ओळीत उभं केलेलं, आणि एकेकाचे हात उलटेपालटे करून बघतायत.

आचारी वैतागला होता. "काका, तेराव्याला कोणी नखं बघतं काय हो?"

"ताईच्या तेराव्याला बघतात," हे म्हणाले आणि त्यातल्या एकाला साबण देऊन नळावर पाठवलं.