अर्ध्या भाकरीचं मागणं

बीदरच्या दवाखान्यात माझी बायको महिनाभर पडून होती. पोरं पुण्याला कामाला, जवळ मी एकटाच. तिथं रोज दुपारी जनवाड्याकडची एक ख्रिस्ती म्हातारी यायची. तिचं नाव मी कधी विचारलं न्हाई. दाराशी चपला काढायची, डोक्यावर पदर घ्यायची आणि एकेका खाटेपाशी उभी राहायची. आधी विचारायची, काय खावंसं वाटतंय. मग डोळे मिटून तेवढंच मागायची, "प्रभू, हिला आज अर्धी भाकर जाऊ दे."

एक दिवस मी म्हणालो, "अक्का, भाकर काय मागायलीस? जीव माग की."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि जीव मागितला. मग रोज मागितला. मी बी हात जोडले.

बायको गेली. मी अंथरूण गुंडाळत होतो तेव्हा म्हातारी आली.

"काय केलं तुझ्या देवानं?" मी विचारलं.

"न्हाई दिलं, अण्णा. माझ्या मालकाच्या येळला बी न्हाई दिलं. लई भांडले मी त्याच्याशी. पन बोलायचं कामून सोडू?"

तिनं अंथरुणाची दोरी धरली, मला गाठ मारू दिली. मग पुढच्या खाटेपाशी जाऊन तिथल्या बाईला विचारलं, काय खावंसं वाटतंय.

मला तिचा राग आला होता. आता घरी एकटाच भाकर थापतो. पहिला घास उतरत न्हाई. तेव्हा म्हणतो, अर्धी तरी जाऊ दे. कुणाला म्हणतो, ते मला ठाऊक न्हाई.