पदराबाहेरची वायर

निपाणीहून बेळगावला येणाऱ्या गाडीत ती माझ्या सीटजवळ येऊन उभी राहिली. “जरा सरकतासा काय, आक्का? अंग लई दुखतंय.” पस्तिशीची, धडधाकट दिसणारी बाई. मी शेजारी ठेवलेली पिशवी काही उचलली नाही. मग तिच्या पदराबाहेर लोंबणारी वायर आणि हातातलं डबीएवढं यंत्र दिसलं, तेव्हा सरकले.

“फायब्रोमायल्जिया हाय,” बसत ती म्हणाली. “अंगभर दुखतंय, रिपोर्टात काय दिसत न्हाय. ही मशीन नसांना बारीक करंट देती. गोळी न्हाय, काय न्हाय.”

आता ही बाई पिशवीतून दुसरी मशीन काढून विकायला माझ्या गळ्यात मारणार, असं मी धरून चालले. तवंदी घाट चढून झाला तरी तिनं काही काढलं नाही. खांदा तेवढा चोळत होती. मग दिसलं, यंत्राचा दिवा लागलेलाच नव्हता.

“अहो, मशीन बंद आहे तुमची.”

“व्हय, बंदच हाय. घरात लावते. लावल्यावर जरा उतार पडतोय, भाकऱ्या थापून होत्यात. दुखणं जात न्हाय हं.”

“मग गाडीत वायर कशाला?”

ती हसली. “नुसतं दुखतंय म्हटल्यावर सासूबी खरं मानत नव्हती. वायरी बघितल्या आणि गप झाली. गाडीतबी वायर दिसली की बसाय जागा मिळती.”

संकेश्वरला दांडा धरून, एकेक पायरी जपत ती उतरली. लबाड आहे, असं माझ्या मनात आलंच. पण ‘लई दुखतंय’ एवढ्यावर मी तरी कुठं सरकले होते?