शुक्रवारची रात्र कुणाची

देव चिंचेने घासायला काढले होते. उद्या एकादशी, म्हणून म्हटलं दिवेलागणीच्या आत सगळे उजळून ठेवू. अन्नपूर्णा झाली, बाळकृष्ण झाला. समई आणि घंटा काळ्याच राहिल्या, कारण तेवढ्यात आतल्या खोलीतून योगिनीचा, माझ्या सुनेचा, आवाज चढला.

"मी कुणाचंही नाव लिहून देणार नाही, संतोष. तू मध्ये पडू नकोस."

ही पोरगी सहसा आवाज चढवत नाही. आमच्या गंगापूर रोडच्या या घरात तिला येऊन सहा वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं ती त्या कॉम्प्युटरसमोर लोकांना सांभाळते आहे. परदेशातल्या दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं काम तिच्या टीमकडे आहे. टीम म्हणजे एक पोरगा पोलंडचा, दोघं मेक्सिकोचे आणि एक आपली रोहिणी, चांदवडची. वर बसलाय शिकागोचा ग्रेग. मी त्याला ग्रहच म्हणते. पत्रिकेतले नऊ परवडले, निदान शांत तरी करता येतात.

या ग्रहाची सगळी बोलणी त्याच्या सोयीने. त्याची न्याहारी झाली की आमच्याकडे दिवे लागायची वेळ. त्याचं जेवण पचलं की आमच्याकडे मध्यरात्र. घंटेचा आवाज मध्ये येतो म्हणाला, तर मी दोन वर्षं संध्याकाळची आरती घंटा हाताने धरून, नुसती टिचकी मारून करतेय. देवाला मी काय सांगायचं? शिकागोचा माणूस रागावतो म्हणून?

झालं होतं ते असं. गिऱ्हाईकाला काम दाखवायची पाळी रोहिणीची होती. कॉम्प्युटरवर वेळ आली शुक्रवार, रात्री दीड. त्या बैठकीचं निमंत्रण ग्रेगने रोहिणीला पाठवलंच नाही, विसरला. म्हणून योगिनीने तिला फोन करून सांगितलं, "शुक्रवारी रात्री दीडला बस गं." रोहिणी म्हणाली, "बसते ताई."

आता आपल्यात शुक्रवारची रात्र म्हणजे कोणती? शुक्रवारचा दिवस गेला, जेवणं झाली, मग येते ती. वार उजाडल्यावर बदलतो, हे आमच्या घरात शेंबडं पोरही सांगेल. पण त्या यंत्राचा वार मध्यरात्रीच बदलतो. त्याची शुक्रवारची रात्र म्हणजे आपली गुरुवारची. झालं. गिऱ्हाईक ताटकळलं, योगिनी फोन लावून लावून थकली, आणि रोहिणी गाढ झोपलेली. सकाळी तिचा फोन आला तोच मुळी हसत, "ताई, आज रात्री ना? मी तयारी करून ठेवलीये, साडीसुद्धा काढलीये!"

योगिनी तेव्हा किचनमध्ये उभी होती. तिच्या हातातला चहा तसाच निवला.

आणि आता त्या ग्रहाला एक नाव हवं होतं. चूक कुणाची ते लिहून दे, त्या माणसाला कमी करतो, म्हणजे गिऱ्हाईक शांत होईल. नाव कुणाचं ते त्याने ठरवूनच ठेवलं होतं, सही फक्त योगिनीची हवी होती.

"अगं, लिहून टाक ना रोहिणीचं," संतोष, माझाच मुलगा, म्हणत होता. "तुझं काय जातंय? नाहीतर तुझीच खुर्ची जाईल."

"मला तिला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. शुक्रवारी रात्री म्हणून सांगितलं कुणी? मी. तिच्या सासरच्यांनी ही एकच नोकरी करू दिलीये, ती पण घरात बसून आहे म्हणून. ही गेली की तिला परत चुलीपुढे बसवतील. कळतंय का तुला?"

"मी आपलं तुझ्या भल्यासाठी..."

मग मला राहवलं नाही. चिंचेच्या हातानेच दारात गेले. "संतोष, तुझ्या भल्याचं तू बघ. रात्री ती बोलत असते तेव्हा तू घोरत असतोस, हे तिने कधी कुणाला लिहून दिलंय का?"

"आई, तू पण!" असं म्हणून तो बाहेर गॅलरीत गेला. जाऊ दे.

साडेसात वाजले. ग्रहाचा चेहरा स्क्रीनवर उगवला, हातात कॉफीचा मग. इंग्रजी मला सगळं कळत नाही, पण माणूस कधी गुरगुरतो आणि कधी हात झटकतो ते कळायला भाषा लागत नाही. योगिनीने नंतर मला अर्थ सांगितला, तो असा.

तो म्हणाला, नाव? ती म्हणाली, घ्या लिहून, पहिलं माझं, मी वार चुकीचा सांगितला. दुसरं तुमचं, तुम्ही निमंत्रण पाठवलं नाही. रोहिणीचं यात कुठेच नाही. तो काहीतरी मोठ्याने बोलला. मग माझ्या सुनेने खुर्ची पुढे ओढली.

तिचे वडील, केरूभाऊ, सातपूरला कारखान्यात होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी, दर आठवड्याला फिरती. लहानपणी ही पोरगी वडिलांच्या पाळीप्रमाणे घरात पावलं हळू टाकत वाढलेली. तिने ग्रेगला तेच सांगितलं. माझ्या वडिलांच्या कारखान्यात एकाच माणसाला कायमची रात्रपाळी लावली असती, तर कामगार गेटवर बसले असते. आमच्याकडे पाळी फिरते. पुढच्या महिन्यापासून बोलणी आमच्या सकाळी साडेसातला. तेव्हा तुमचे रात्रीचे नऊ वाजलेले असतील. त्यानंतरचा महिना पोलंडच्या सोयीने. आणि वेळ सांगताना वार आणि तारीख प्रत्येकाच्या गावची लिहायची. जमत नसेल तर टीम दुसऱ्या कुणाला द्या, मी आजच सोडते.

  माझ्या तोंडात नाम सोडून शिव्याच येत होत्या. देवा, माफ कर, पण येत होत्या.

शेवटी तो काहीतरी पुटपुटला आणि स्क्रीन काळी झाली.

"काय म्हणाला गं?"

"रोहिणी राहते." तिने डोळ्यांवरून हात फिरवला. "आणि सकाळची वेळ एक महिना करून बघू म्हणाला."

"करून बघू? आपण तीन वर्षं जागलो, तेव्हा करून बघू कुणी म्हटलं होतं? उपकार करतोय मेला!"

"आई, मेला नका म्हणू, एकादशी आहे."

"उद्या आहे. वार उजाडल्यावर बदलतो."

त्यावर ती हसली, आणि लगेच रोहिणीला फोन लावायला गेली. मी मात्र हसले नाही. माझा राग लिहितानाही उतरलेला नाही. एका मुलीचं घराबाहेरचं जग वाचवायला दुसरीला स्वतःची खुर्ची पणाला लावावी लागते, आणि त्यावर तो माणूस महिनाभराची भीक घालतो.

समई आणि घंटा अजून काळ्याच आहेत. ताम्हनातली चिंच वाळून गेली आणि डबाही रिकामा झालाय. कोपऱ्यावरचं किराणा दुकान अजून उघडं असेल. पावशेर चिंच आणायला निघते.