सत्त्याऐंशीच्या स्पीडची स्कूटर

आमच्या घरात आजवर भरधाव गाडी चालवल्याची नोटीस एकाच माणसाला आली आहे. तो माणूस म्हणजे माझे वडील, अण्णा. वय चौऱ्याहत्तर. वाहन म्हणजे त्यांची स्कूटर, वय सत्तावीस. आणि वेग? ताशी सत्त्याऐंशी किलोमीटर!

स्कूटर अण्णांच्या नावावर असली तरी मोबाईल नंबर माझा दिलेला, त्यामुळे नोटीस माझ्याकडे आली. मी तेव्हा जालन्यात, ऑफिसात, जेवणाचा डबा उघडत होतो. मेसेज तीनदा वाचला. ही स्कूटर मी चांगली ओळखतो. लग्नानंतर तिच्यावरूनच मी बायकोला राजूरच्या गणपतीला नेलं होतं. (चढावर बायको उतरून चालायला लागली आणि माझ्याआधी वर पोहोचली.) ही गाडी सत्त्याऐंशीनं पळते म्हणजे उद्या आमची म्हैस उडेल.

त्यात आमचा एक करारही झालेला होता. दिवाळीच्या बाजारात स्कूटर ऐन गर्दीत बंद पडली, चार माणसांनी ढकलली, पाचव्यानं व्हिडिओ काढला. तेव्हा मी अण्णांना निक्षून सांगितलं, "आता एकदा जरी ही रस्त्यात बंद पडली तर सरळ भंगारात!" अण्णा पुष्कळ कुरकुरले आणि शेवटी "कबूल" म्हणाले. तेव्हापासून त्यांचा जीव त्या स्कूटरच्या किकमध्ये अडकलेला होता.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा अण्णा चहा बशीत ओतत होते.

"अण्णा, तुमच्या स्कूटरला नोटीस आली. भोकरदन रोडला सत्त्याऐंशीनं पळाली म्हणून."

बशी हवेतच थांबली. "किती?"

"सत्त्याऐंशी!"

"कधी म्हून?"

"मागच्या आठवड्यात. सकाळी."

अण्णांनी चहाचा एक भुरका मारला, मिशी पुसली आणि म्हणाले, "आसंल."

"आसंल काय! ही गाडी चाळीसनं तरी पळते का?"

"मंग काय दिल्या, सरकार खोटं बोलून राह्यलं का? मशीन हाये ते. मशीन काय माह्या सासुरवाडीचं हाये का, माही बाजू घ्यायला?"

एवढ्यात आई आतून म्हणाली, "ते स्पीडचं ऱ्हाऊ द्या. माझी लाल काठाची गोधडी कुणी पाह्यली का? आठ दिस झाले, सापडून न्हाई राह्यली." (आईकडे कुणी लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं.)

दुसऱ्या दिवशी मी कार घेऊन फाट्यावर येईपर्यंत बातमी माझ्याआधी तिथं पोहोचलेली होती. (माझ्याआधी तसं सगळंच पोहोचतं. मी नवी कोरी कार घेतली आहे आणि ती चाळीसच्या वर नेत नाही. इंजिन सेट व्हायला नको? आमचं गाव जालन्यापासून अर्ध्या तासावर आहे, मी चालवत असलो तर तासावर.) चहाच्या टपरीवर अण्णांचा जवळजवळ सत्कारच चालला होता. स्कूटर मधोमध उभी. दोन पोरं तिच्या चाकाकडे आदरानं बघत होती. अण्णांनी मफलर असा गुंडाळला होता की आत्ताच शर्यत जिंकून आले आहेत.

"अण्णाची गाडी म्हंजे रॉकेट!" असं पिकअपवाला रामकिसन म्हणाला आणि गरजेपेक्षा जरा जास्तच हसला.

मी अण्णांना बाजूला घेतलं. "मशीनची चूक आहे. मी हरकत घेतो आणि फोटो मागवतो."

"फोटो?" अण्णांचा चेहरा उतरला. "फोटो कशाला? मी दंड भरून टाकतो ना!"

बाजारातल्या पार्किंगचे दहा रुपये वाचवायला अण्णा अर्धा किलोमीटर लांब गाडी लावतात. ते आपणहून दंड भरायला निघाले, तिथंच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण मी पडलो ऑफिसातला माणूस. माझ्या अर्जांचं आमच्या ऑफिसात नाव आहे. हातातोंडाशी आलेला अर्ज मी कसा सोडणार?

त्याच संध्याकाळी बसून मी अर्ज लिहिला आणि कौतुकानं सगळ्यांना वाचून दाखवला. "सदर दुचाकी ही जीर्ण अवस्थेत असून, उतारावर, पाठीमागून वारा असताना व चालक मनाने खंबीर असतानाही ती ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे जात नाही, असा अर्जदाराचा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. सबब कॅमेऱ्यातील छायाचित्र पुरावा म्हणून उपलब्ध करून द्यावे, ही नम्र विनंती."

अण्णा ताडकन उठले. "जीर्ण? तू माह्या गाडीला सरकारदरबारी जीर्ण म्हनून राह्यला? याच गाडीवर तुला दहावीच्या पेपरला सोडलं व्हतं मी! एकदा बी लेट झाला का?"

"अण्णा, तुमचाच दंड वाचवतोय मी!"

"दंड वाचवून माही इज्जत घालवून राह्यला तू!"

शेवटी आई मध्ये पडली आणि पैज ठरली. फोटोत ही स्कूटर सत्त्याऐंशीच्या स्पीडला दिसली, तर मी भंगाराचं नाव जन्मात काढायचं नाही आणि दर रविवारी ती स्वतः धुवायची. नाही दिसली, तर सोमवारी स्कूटर भंगारात. मी लगेच "कबूल!" म्हणालो. अण्णांनी आधी मफलर सारखा केला. मग हळूच म्हणाले, "फोटोत गाडी आन् आकडा, बस. दुसरं काई पाह्यचं न्हाई. बराबर?"

"बराबर!" मी म्हणालो. (माझ्यासारख्या मुरलेल्या अर्जदारानं अट नीट वाचायला हवी होती.)

फोटो शनिवारी आला. मी उघडलासुद्धा नाही. म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर उघडू, दूध का दूध होऊन जाऊ दे. रविवारी सकाळी मोबाईल टीव्हीला जोडला आणि टपरीवरच्या मंडळींना घरी बोलावलं. रामकिसन यायला तयार नव्हता, त्याला मी हाताला धरून आणला. अण्णा कोपऱ्यात बसले होते. स्कूटर दाराबाहेर उभी होती आणि ते अधूनमधून तिच्याकडे बघत होते.

मी बटण दाबलं. पडदाभर फोटो उघडला.

क्षणभर कुणालाच काही कळेना. भोकरदन रोड. वरच्या कोपऱ्यात छापलेला वेग, सत्त्याऐंशी. एक पिकअप, मागून टिपलेली. तिचा मागचा फाळका खाली लोंबत सोडलेला, त्यामुळे तिचा नंबर झाकून गेलेला. आत मिरचीची पोती. पोत्यांच्या मध्ये दोरीनं बांधलेली, अंगावर काहीतरी पांघरलेली एक दुचाकी, जिची फक्त मागची नंबर प्लेट उघडी. आणि त्या दुचाकीवर ताठ बसलेला, डोक्यात हेल्मेट घातलेला एक माणूस!

"आगं बाई!" आई किंचाळली. "माझी गोधडी!"

सगळ्या माना आधी अण्णांकडे वळल्या आणि मग रामकिसनकडे. रामकिसननं लगेच हात जोडले. "भाऊ, माहा काई दोष न्हाई. गाडी बंद पडल्ती. अण्णा म्हन्ले, दिल्याला कळलं तर भंगारात घालंल. म्हून गुपचूप जालन्यात मस्तगडच्या मिस्त्रीकडं घेऊन गेल्तो. मिरचीला उशीर व्हऊन राह्यल्ता, म्हून जरा जल्दी..."

"पण तुम्ही वर कशाला बसलात, अण्णा?"

"धरायला नको? खड्ड्यात कलंडली म्हंजे?"

"आणि हेल्मेट?"

"गाडीवर बसल्यावर हेल्मेट घालाच लागतं. नियम हाये." आणि मग जरा खालच्या आवाजात, "तू बी त्याच रस्त्यानं जातू ना. म्हनलं, वळखू नये."

तेवढ्यात एका पोरानं विचारलं, "अण्णा, हात कामून बाहेर काढला मंग?"

खरंच, फोटोत अण्णांचा उजवा हात आडवा, लांब बाहेर काढलेला होता.

"ओव्हरटेक चालल्ता ना," अण्णा म्हणाले. "गाडीची बॅटरी डाऊन. इंडिकेटर कुठून लागंल? हातानंच दावावं लागतं."

मी विचारलं, "ओव्हरटेक कुणाला?" विचारायला नको होतं. फोटोच्या डाव्या कडेला, पिकअपच्या जरा मागे, एक पांढरी कार दिसत होती. मागच्या काचेवर शोरूमचं स्टिकर अजून तसंच होतं. माझी कार! आणि मग मला सगळं आठवलं. हा फोटो निघाला त्याच दिवशी संध्याकाळी जेवताना मीच सगळ्यांना हसत हसत सांगितलं होतं, "आज रस्त्यात एक येडं बघितलं! पिकअपमध्ये स्कूटरवर बसलं होतं, हेल्मेट घालून!" सगळे हसले होते. अण्णा भाकरी मोडता मोडता एवढंच म्हणाले होते, "असतेत एकेक."

"आता सांग," अण्णा उठून टीव्हीजवळ गेले. "गाडी हाये?"

"आहे."

"आकडा?"

"सत्त्याऐंशी."

"बस!"

पैज ते बिलकुल कायदेशीर जिंकले होते. माझ्या अर्जाला उत्तरही चोख आलं: दुचाकी दुसऱ्या वाहनात उभी दिसते, सबब हरकत मान्य, दंड रद्द. अण्णांना ते अजिबात आवडलं नाही. "रद्द? कुनाला ईचारून?" असं ते दोन दिवस म्हणत होते. मला मात्र, खरं सांगतो, त्या फोटोकडे बघून फार अभिमान वाटला. ज्या गाडीनं घरातल्या सगळ्यांना शाळेत, दवाखान्यात आणि लग्नकार्यात वेळेवर पोहोचवलं, तिला दवाखान्यात न्यायची पाळी आली तेव्हा या माणसानं तिला एकटं पाठवलं नाही. थंडी वाजू नये म्हणून वर आईची गोधडीसुद्धा घातली. असा बाप मला मिळाला, आणि भंगाराचं नाव मी काढलं होतं.

आता तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावला आहे, शेजारी मूळ नोटीस. दर रविवारी मी अंगणात स्कूटर धुतो आणि आत अण्णा पाहुण्यांना फोटो दाखवत असतात. परवा एका पाहुण्यानं विचारलं, "अण्णा, ही कडेची पांढरी गाडी कुणाची हो?"

अण्णांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी साबणाच्या फेसात कोपरापर्यंत बुडालेलो.

"ते आमचं दिल्या," अण्णा म्हणाले. "येऊन राह्यलं मागून, हळूहळू."