चौघांचं काम तिघांनी

बारामतीत एका खताच्या दुकानावर आमची खोली होती. कंपनीनं पुण्यातलं अर्धं ऑफिस बंद केलं, तेव्हा बारामती-इंदापूर भागातल्या आम्हा चौघांना सांगितलं की घरून काम करा, नाहीतर तुमच्याकडंच एक खोली घेऊन देतो, तिथं बसा. घरून काम म्हणजे काय असतं हे मला तोवर कळून चुकलं होतं. मी कन्हेरीची. लॅपटॉप उघडून बसले की आई शेजारच्या बायकांना दारापर्यंत आणायची आणि लांबूनच दाखवायची, "बघा, आमची पोरगी जेवायला बी उठत न्हाय." तिला त्याचा केवढा अभिमान! मी चिडायचे, पण कॉल चालू असल्यामुळं चिडताही यायचं नाही. म्हणून खोली बरी वाटली. खालून फवारणीच्या औषधांचा उग्र वास यायचा, उन्हाळ्यात पत्रा तापायचा, पण चौघं एकत्र तरी होतो.

आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच ओळखायचो. इंदापूरकर सगळ्यांत थोरला. पस्तिशीतच टक्कल पडलं होतं, म्हणून त्याला तात्या म्हणायचो. भिगवणकर सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत वात्रट. त्याचे वडील भिगवणच्या मासळी बाजारात लिलाव पुकारायचे, आणि तो आवाज पोरानं वारशानं घेतला होता. चौथी कऱ्हाटीची मुलगी. ती दिवसभरात चार वाक्यं बोलली तर पुष्कळ. मान खाली घालून आमच्या दुप्पट काम उपसायची. कॉलवर आम्ही सगळे शुद्ध बोलायचो, अर्धं इंग्रजी झाडायचो. कॉल संपला की 'हाय' आणि 'न्हाय' सुरू.

परदेशातल्या एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळत होतो. तिकडं काही बिघडलं की आमच्या पडद्यावर तक्रार येऊन पडायची. तिला तिकीट म्हणतात. तिकीट कुणी घेतलं, किती वेळात मिटवलं, हे सगळं पुण्यात बसून मॅनेजरसाहेबांना दिसायचं. आज मिटवलेल्या तिकिटांच्या जागी उद्या तेवढीच नवी यायची. काम उरकलं, असं म्हणायची सोय त्या धंद्यात नाही.

त्या दिवसांत तरुणांनी आठवड्याला किती तास राबावं यावर मोठमोठी माणसं बोलत होती. एकानं एक आकडा सांगितला, दुसऱ्यानं त्याच्यावर चढवला, आणि टीव्हीवर त्याच्यावर चर्चा. मॅनेजरसाहेबांनी तो व्हिडिओ आमच्या ग्रुपवर टाकला आणि खाली अंगठा उठवला. मग आम्हीही चार अंगठे उठवले. न उठवून सांगता कुणाला! पण फोन खाली ठेवल्याबरोबर भिगवणकर खुर्चीवर उभा राहिला आणि बापाच्या आवाजात पुकारायला लागला, "सत्तर तास एक वार! सत्तर तास दोन वार! ऐंशी कोण म्हणतंय? बोला शेठ, माल ताजा हाय, अजून तडफडतोय!" कऱ्हाटीची मुलगीसुद्धा त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मला मात्र हसूनही राग गेला नाही. ज्यांचं जेवण दुसरा कुणी करतो, ज्यांची पोरं दुसरा कुणी शाळेत सोडतो, त्यांनी आम्हाला तास मोजून द्यायचे. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय?

थोड्याच दिवसांत, एका सकाळी लिलाव पुकारता पुकारता भिगवणकरचे वडील खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. वाचाही गेली. आठवडाभर ते बारामतीच्या दवाखान्यात होते, तेव्हा तो आमच्या खोलीतून तिकडं आणि तिकडून खोलीत असा पळत होता. घरी सोडल्यावर खरी पंचाईत झाली. वडील चांगले थोराड, आई गुडघ्यांनी अधू, घरात तिसरं माणूस नाही. त्यांना उचलायचं, धुवायचं, रोज व्यायामाला न्यायचं, हे सगळं त्याच्यावर आलं. शिल्लक रजा तर दवाखान्यातच संपली होती.

मॅनेजरसाहेब फोनवर म्हणाले, "आधी घर, हे बरोबरच आहे. फक्त टीमचं काम अडता कामा नये, एवढं बघा."

भिगवणकर खोलीत येऊन माझ्यासमोर बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "ताई, मी राजीनामा टाकतो. आबास्नी उचलायला मानूस लागतं."

"टाकतो बिकतो काही न्हाय," मी म्हणाले. "आमी सावड करतो. तू बिनपगारी रजा घे, तुझं काम आमी तिघं वाटून घेतो. माझ्यावर पाळी आली की तू कर."

हे मी सुचवलं त्यात विशेष काही नव्हतं. आमच्याकडं कांद्याची लागण, खुरपणी अशीच होत आली. आज सगळे माझ्या रानात, उद्या तुझ्या. मजुरी नाही, उपकार नाही. ज्याच्या घरात दुखणं असेल त्याचं रान आधी उरकायचं, एवढा एकच नियम. आई तापानं पडली होती त्या वर्षी आमची लागण आळीतल्या बायकांनी केली होती, आणि आईनं ती सावड पुढच्या दोन हंगामांत फेडली. तात्या इंदापूर तालुक्यातला शेतकऱ्याचाच पोरगा, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. कऱ्हाटीच्या मुलीनं तर लगेच भिगवणकरची तिकिटं उघडून कुठली किचकट आहेत ते बघायला सुरुवात केली. तीच तिनं स्वतःकडं घेतली.

साहेबांना आम्ही शब्द दिला की काम अडणार नाही. "तुम्ही तिघं सांभाळत असाल तर माझी काही हरकत नाही," ते म्हणाले, आणि भिगवणकरला रजा मिळाली.

आम्ही राबलो. तात्या दर शनिवारी इंदापूरला घरी जायचा, ते बंद झालं, त्याची लहान मुलगी फोनवर विचारायची, "पप्पा, तुमी पावणे हाय का?" तो हसायचा आणि फोन ठेवून परत पडद्याकडं वळायचा. माझा डबा लॅपटॉपशेजारीच उघडायचा आणि अर्धा तसाच परत जायचा. कऱ्हाटीची मुलगी दुपारी पोट धरून थोडा वेळ टेबलावर डोकं टेकायची. विचारलं तर म्हणायची, काही नाही, वास डोक्यात जातोय.

तरी सांगते, त्या दिवसांत मला बरं वाटत होतं. इतकी वर्षं नोकरी केली, पण आपण कुणासाठी राबतोय हे डोळ्यांसमोर असण्याची ती पहिलीच वेळ. तास लांबच होते, टीव्हीवरच्या त्या शेठलोकांना आवडतील इतके लांब. पण ते आमच्यातल्या एकाला दिलेले होते. एका रविवारी आम्ही तिघं भिगवणला गेलो. आबांनी डाव्या हातानं तात्याचा हात धरला आणि सोडेनात. बोलायचा प्रयत्न केला, तर सगळ्या बाजाराला ऐकू जाणाऱ्या त्या आवाजातून नुसती घरघर निघाली. निघताना भिगवणकर गाडीपर्यंत आला. "तुमची सावड फेडायची कशी मी?"

"मला टक्कल पडलंच हाय, आता म्हातारपण बी येईल," तात्या म्हणाला. "तवा फेड."

महिनाभरानंतरच्या मोठ्या मीटिंगमध्ये साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला. सगळ्या टीमांच्या रेषा खाली आलेल्या, आमची जागची हललेली नव्हती. एक माणूस कमी असून बारामतीच्या टीमनं एकही तिकीट मागं पडू दिलं नाही, म्हणाले. यांच्याकडून शिका, म्हणाले. आम्हाला फुगे काढलेलं प्रशस्तिपत्र मेलनं आलं. तात्यानं ते छापून भिंतीला लावलं, थट्टा म्हणून. पण मनातून आम्ही तिघंही फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

आबा काठी धरून उभे राहायला लागले आणि भिगवणकर कामावर परत आला. आईच्या हातचे तळलेले मासे घेऊन आला होता. डबा टेबलावर ठेवून त्यानं लॅपटॉप उघडला, तर आत घेईना. पासवर्ड विसरला म्हणून आम्ही चेष्टा करत होतो, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो जिन्यात जाऊन बोलला. बोलण्यासारखं फार नव्हतं. परत आला तेव्हा चेहरा अगदी साधा होता. "माझी जागा काढली म्हणं. हितं तिघांत भागतंय."

मी तिथल्या तिथं साहेबांना फोन लावला. माझा आवाज चढला होता, ते मलाच ऐकू येत होतं. साहेब शांत होते. "मॅडम, यात वैयक्तिक काही नाही. आकडे तुम्हीच दाखवलेत."

"साहेब, आम्ही जीव काढून केलंय ते. त्याची नोकरी टिकावी म्हणून केलंय."

"हो, पण झालं ना?"

झालं होतं, हेच तर खरं होतं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. सावड आम्हाला ठाऊक होती, पण आपण कुणाच्या रानात उतरलोय हे आम्ही पाहिलंच नाही. ते रान भिगवणकरचं नव्हतं. मालकानं बांधावर उभं राहून बघितलं की तिघांत लागण होते, मग चौथा कशाला ठेवील? आम्ही आळशी असतो, पाच वाजता लॅपटॉप मिटून घरी गेलो असतो, तिकिटांचा ढीग लागू दिला असता, तर भिगवणकर वाचला असता. जास्त राबलं की देश पुढं जातो म्हणतात. आम्ही जास्त राबलो आणि एक माणूस घरी गेला.

मासे त्या दिवशी कुणी खाल्ले नाहीत.

चौघांचं काम तिघांच्या गळ्यात कायमचं पडलं. चालत्या बैलाला पराणी टोचायचीच असते. तात्याचे शनिवार परत आले नाहीत. भिगवणकरनं दोन-तीन ठिकाणी अर्ज केले, पण आबांना सोडून पुण्याला जाणं शक्य नव्हतं. शेवटी तो बाजारात वडिलांच्या जागी उभा राहिला. खुर्चीवर उभा राहून आम्हाला हसवायचा तोच आवाज आता रोज पहाटे खऱ्या मासळीवर खर्च होत होता. मी फोन करून म्हणाले, सावडीचं मी काढलं नसतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तसं न्हाय ताई. तुमी केलं म्हणून आबा उभं राहिलं." त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

नंतर एका दुपारी कऱ्हाटीच्या मुलीनं काम थांबवलं आणि आमच्याकडं खुर्ची फिरवली. तिच्या पोटात गाठ होती. कितीतरी महिने दुखत होतं, अंगावरून जात होतं. तिनं तसेच दिवस काढले होते. आता ऑपरेशन करावंच लागणार होतं, आणि नंतर विश्रांती.

तात्यानं माझ्याकडं पाहिलं. 'सावड' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, मी तो गिळला. तीच बोलली. एवढं सलग मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"माझ्या कामाला हात लावू नका. एक बी तिकीट घेऊ नका. ढीग लागू दे. मी नसल्यावर अडतंय हे त्यांना दिसलं पायजे. ताई, तात्या, तुमाला माझी आन हाय."

आम्ही कबूल केलं. तिचं ऑपरेशन झालं त्या दिवसापासून तिच्या नावाखाली तिकिटं साचायला लागली. वेळ उलटून गेलेलं तिकीट लाल होतं. तिची रांग लाल होत गेली. त्यातली कित्येक मला बसल्या जागी मिटवता आली असती. मी त्यांच्याकडं बघत बसायचे आणि हात मांडीवर ठेवायचे. मैत्रिणीला मदत करायची म्हणजे तिचं काम कुजू द्यायचं, हे आम्ही त्या खोलीत शिकलो.

साहेबांनी विचारलं, का अडलंय. तात्यानं स्वच्छ सांगितलं, "ती नाही म्हणून अडलंय, साहेब." मला वाटलं, या खेपेला जिंकलो. साहेब म्हणाले, "ठीक आहे, मी तिच्याशीच बोलतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या रांगेतलं एक लाल तिकीट मिटलं. मग दुसरं. मी घाबरून तिला फोन लावला. तो तिच्या आईनं उचलला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "नंतर करा बाई. एका हाताला सलाईन हाय, एका हातानं काम करतीया ती. मधी बोललं की चुकतंय म्हणं."

मी तात्याला सांगितलं. तो पडद्याकडं बघत होता; तिथं तिसरंही मिटलं होतं. तिच्यावरचं एखादं आपण घेऊ का, असं त्यानं विचारलं नाही, आणि मीही म्हणाले नाही. मी पुढचं तिकीट उघडलं. ते माझं होतं.