यष्टीमागचे हात

माझं माहेर बदलापूरचं. लग्न ठरवताना आम्हाला एवढंच सांगितलं होतं की मुलगा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर आहे आणि निर्व्यसनी आहे. तो विकेटकीपर आहे हे मला लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी कळलं. सकाळी पांढरे कपडे घालून गेलेले हे संध्याकाळी मातीने माखून परतले. बोटं इतकी सुजली होती की भाताचा घास धरता येईना.

कारखान्याचा संघ मोरिवलीच्या अंगाला असलेल्या मैदानावर खेळायचा. तिथेच यांना काका भेटले. काका सिंधी, फाळणीनंतर उल्हासनगरच्या कॅम्पात आलेले. बराकीत राहायचे आणि सायकलवरून बिस्किटं विकायचे. कराचीत असताना तेही यष्टीमागे उभे राहत. एका सामन्याला त्यांनी सायकल थांबवली, शेवटपर्यंत खेळ पाहिला आणि मग यांना गाठून सांगितलं की तू चेंडूवर झडप घालतोस, त्याला येऊ देत नाहीस.

तेव्हापासून संध्याकाळी आमच्या मागच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. काका कच्ची अंडी फेकायचे आणि यांनी ती न फोडता झेलायची. आमच्या घरात अंडं चालत नसे, त्यामुळे सासूबाई मागचं दार लावून घ्यायच्या. फुटलेल्या अंड्यांनी माखलेले शर्ट मी विहिरीवर नेऊन धुवायची. हळूहळू शर्ट कोरडे राहू लागले. पुढे अंड्यांऐवजी चेंडू आला, तर तो हातात पडल्याचा आवाजच येईनासा झाला. काका डोळे मिटून ऐकायचे आणि हसायचे.

दोन-तीन मोसमांनी कंपनीच्या मुंबईच्या मुख्य संघात यांना घेतलं, पण राखीव म्हणून. पहिला कीपर गुणी होता आणि कधी आजारी पडत नसे. हे त्याला पाणी नेऊन द्यायचे, त्याचे पॅड बांधायचे आणि घरी येऊन त्याची तारीफ करायचे. त्याचं वाईट यांनी कधी चिंतलं नाही. तशीच वर्षं गेली. मग एकदा त्याला कावीळ झाली आणि मोठ्या सामन्यासाठी यांना बोलावणं आलं.

त्याच्या आदल्याच रविवारी इथल्या सामन्यात यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट मोडलं होतं. हाडवैद्याने बांबूची पट्टी लावून हात हलवू नका म्हणून बजावलं होतं. सामन्याच्या सकाळी यांनी ती पट्टी काढली आणि हात माझ्यापुढे धरला.

"हे बोट शेजारच्या बोटाला बांध. घट्ट. हातमोज्यात दिसता कामा नये."

मी म्हटलं, जाऊ नका.

"आज गेलो नाही तर पुन्हा कोण विचारणार आहे मला?"

मी बांधलं. बांधताना त्यांच्या कपाळावर घाम आला, पण हात त्यांनी मागे घेतला नाही.

काका स्टेशनवर वाट पाहत होते. धुतलेला सदरा घालून, धंदा बंद ठेवून ते सामना बघायला निघाले होते. हात कसा आहे, असं त्यांनी सवयीने विचारलं. हे म्हणाले, ठीक आहे.

दिवसभर हे बरे खेळले, असं नंतर कळलं. दिवस मावळताना समोरच्या संघाच्या सर्वांत चांगल्या फलंदाजाच्या बॅटची कड लागली आणि चेंडू सरळ यांच्या हातात आला. हातातून निसटून तो जमिनीवर पडला. तो फलंदाज दुसऱ्या दिवशीही खेळत राहिला आणि सामना गेला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं एकत्रच घरी आले. काकांनी यांना ओट्यावर बसवलं आणि मी बांधलेली पट्टी स्वतः सोडली. बोट काळंनिळं पडलं होतं.

"मुझे बताना था ना, बेटा," ते म्हणाले. "मैं रोकता नहीं. एक उंगली के बगैर कैसे पकडना, वो सिखाता."

मी दिलेला चहा न पिता ते उठले. हे ओट्यावर तसेच बसून होते. लग्नानंतर मी त्यांना रडताना पाहिलं ते त्या एकदाच.

मुंबईहून पुन्हा बोलावणं आलं नाही. बोट वाकडं जुळलं आणि कारखान्याच्या संघानेही दुसरा कीपर उभा केला. यांना काही दिवस नुसतं फलंदाजीला घेत, मग तेही थांबलं. काका अधूनमधून येत, सासूबाईंशी बोलत, पण चेंडूचा विषय कुणी काढत नसे. पुढे त्यांच्या मुलाला अजमेरला नोकरी लागली आणि ते कुटुंब तिकडे गेलं. निरोप घ्यायला आले तेव्हा नेमके हे पाळीवर होते. कामावरून आल्यावर यांनी सायकल काढली आणि तडक कॅम्प गाठला, पण बराकीत दुसरंच बिऱ्हाड सामान लावत होतं.

नंतर रविवारी हे शिवमंदिराकडे फिरायला जाऊ लागले. देवभक्त ते कधीच नव्हते. मंदिर मैदानाच्या उलट दिशेला होतं, आणि तिथवर चेंडूचा आवाज पोचत नव्हता.